पीजेचा भोंगा आणि के-रेट, ए-रेटची भानगड

संगणकाला आवाज कळत नाही, फक्त आकडे कळतात, हे आपण फर्स्ट इयरपासून ऐकत आलोय. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. ते साउंड कार्डकडे गेले की त्यांचं व्होल्टेज होतं, व्होल्टेजने स्पीकरचा पडदा हलतो आणि मग आपला कान ऐकतो. इथपर्यंत सगळं सोपं. पण हे आकडे रेकॉर्डिंगमधून न घेता आपणच प्रोग्रॅम लिहून तयार करायचे ठरवले, तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. तो आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, ओरलला कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक सांगतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे तांत्रिक शब्द आहेत तसेच ठेवलेत. ‘नियंत्रण-दर’ आणि ‘श्राव्य-दर’ असं लिहून बघितलं, पण दोन पानांनंतर मलाच कळेना कोणता कुठला! शिवाय मॅगझिनचा हा विभाग पूर्ण देवनागरीत छापतात, म्हणून प्रोग्रॅमच्या ओळी न देता त्या काय करतात तेवढंच सांगतो.

एखादा वाजणारा भोंगा घ्या. त्यात दोन प्रकारच्या गोष्टी बदलत असतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष लहर. ती सेकंदाला शेकडो वेळा वरखाली होते, तिला प्रत्येक सॅम्पलला नवा आकडा लागतोच. दुसरी गोष्ट म्हणजे त्या लहरीची ‘बटणं’ : आवाज किती मोठा, पट्टी कोणती, फिल्टर किती उघडा. ही बटणं माणसाच्या हाताच्या वेगाने फिरतात. आवाज हळूहळू वाढवायला दोन सेकंद लागत असतील, तर त्यासाठी ८८,२०० वेळा हिशोब कशाला करायचा?

हा विचार एमआयटीच्या बॅरी व्हर्को यांनी १९७० च्या दशकात पीडीपी-११ या संगणकासाठी लिहिलेल्या म्युझिक-११ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्याआधी १९५७ मध्ये बेल लॅब्जच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून पहिल्यांदा असे आवाज प्रोग्रॅमने करून घेतले होते, पण मशीन इतकी हळू की काही सेकंदांच्या आवाजाला खूप वेळ थांबावं लागे. व्हर्को यांनी कामाचे दोन भाग केले. लहर चालेल ऑडिओ रेटने, म्हणजे ए-रेट. बटणं चालतील कंट्रोल रेटने, म्हणजे के-रेट. पुढे १९८६ च्या सुमारास त्यांनी हेच सगळं सी भाषेत आणलं, तो सीसाउंड. आजही फुकट मिळतो, विंडोजवर, लिनक्सवर, अगदी मोबाइलवरसुद्धा चालतो.

सीसाउंडमध्ये केएसएम्प्स नावाची एक संख्या आपण सुरुवातीला देतो. एका कंट्रोल पीरियडमध्ये किती सॅम्पल, ती ही संख्या. ६४ दिली तर ४४,१०० भागिले ६४, म्हणजे सेकंदाला साधारण ६८९ वेळाच बटणांचा हिशोब होतो. एक पीरियड १.४५ मिलिसेकंदांचा. काहीच दिलं नाही तर सीसाउंड १० धरतो. सुपरकोलायडर आणि प्युअर डेटा या दुसऱ्या दोन प्रसिद्ध प्रोग्रॅममध्ये ६४ हाच नेहमीचा ब्लॉक असतो.

आता कुणी म्हणेल, आजकालच्या मशीनवर एवढी काटकसर कशाला, सगळंच ए-रेटवर चालवा! चालवा की. केएसएम्प्स १ द्या, झालं. छोट्या प्रोग्रॅमला ते चालतंही. पण आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांना मिळाले. भारतातला तो या योजनेचा पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपसाठी टॅमटॅम नावाचा गाणी-वाद्यांचा प्रोग्रॅम तयार केला होता, माँट्रियल विद्यापीठाच्या जाँ पिशे यांच्या टीमने, आणि त्याच्या पोटात सीसाउंडच चालत असे. प्रोसेसर केवढा? ४३३ मेगाहर्ट्झ. रॅम २५६ एमबी. एवढ्यात पाचसहा वाद्यं एकदम वाजवायची म्हणजे प्रत्येक गुणाकार मोजून करावा लागणार. के-रेट नसता तर असा प्रोग्रॅम त्या मशीनवर अवघडच होता. आपल्या लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसींनाही हाच हिशोब लागू आहे.

तर काटकसर झाली. पण एक वेळ अशी येते की के-रेटचा आकडा ए-रेटच्या लहरीला जोडावा लागतो, उदाहरणार्थ आवाजाच्या बटणाने लहरीला गुणायचं. लहरीकडे ६४ सॅम्पल आहेत, बटणाकडे एकच आकडा. उरलेल्या ६३ जागी काय भरायचं?

सोपा मार्ग म्हणजे तोच आकडा ६४ वेळा वापरायचा. सीसाउंडमध्ये अपसॅम्प हेच करतो. ग्राफ काढला तर जिना दिसेल : सपाट पायरी, मग उडी, परत सपाट पायरी. दुसरा मार्ग म्हणजे मागच्या आकड्यापासून आताच्या आकड्यापर्यंत सरळ रेघ मारायची आणि ६४ सॅम्पलमध्ये थोडंथोडं सरकायचं. हा इंटर्प. जिन्याच्या जागी उतार. सीसाउंडमध्ये के-रेटच्या नावाभोवती ‘ए’ आणि कंस टाकला तरी हाच उतार मिळतो. सुपरकोलायडरमध्ये याला के-टू-ए म्हणतात. प्युअर डेटामध्ये सिग-टिल्ड जिना देतो आणि लाइन-टिल्ड उतार. नावं वेगवेगळी, भानगड एकच.

जिन्याने काय बिघडतं ते कळायला घरचा स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आठवा. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर पंखा लागला की तो घुंऽऽ करतो. ५० हर्ट्झ तेच असतात, पण व्होल्टेज गोलाईने न फिरता उड्या मारतं आणि त्या प्रत्येक उडीत वरच्या फ्रिक्वेन्सी भरलेल्या असतात. आवाजाच्या बटणाचंही तेच. सेकंदाला ६८९ उड्या, म्हणजे मूळ आवाजाच्या खाली-वर ६८९ हर्ट्झच्या अंतरावर नको असलेले सूर. संगीतवाले याला झिपर नॉइज म्हणतात, कारण बॅगेची चेन ओढल्यासारखा आवाज येतो.

किती येतो याचा हिशोब करता येतो, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकलेल्यांना तो आवडेल. समजा आवाज सेकंदाला ५ वेळा थरथरतोय. जिन्याने गेलो तर नको असलेल्या पहिल्या सुराचं प्रमाण साधारण ५ भागिले ६८९, म्हणजे थरथरीच्या मानाने ४३ डेसिबल खाली. शांत खोलीत हेडफोनवर ऐकू येण्याइतकं. उताराने गेलो तर याच प्रमाणाचा वर्ग होतो, कारण सिंकच्या जागी सिंकचा वर्ग येतो. म्हणजे ८५ डेसिबल खाली. तो शोधूनही सापडत नाही. एक वजाबाकी, एक भागाकार आणि मग सॅम्पलमागे फक्त एक बेरीज, एवढ्या खर्चात डेसिबल दुप्पट! इतका स्वस्त सौदा मी दुसरा पाहिला नाही.

आता शीर्षकातल्या भोंग्याकडे येतो. जे जामनेर-पाचोऱ्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी : पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज, ५६ किलोमीटर. शंभरेक वर्षं चालली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही, मग ब्रॉडगेजचं ठरलं. आमच्या घरातल्या सगळ्यात लहान भावंडांनी पीजेचा भोंगा ऐकलेलाच नाही. त्यांना तो ऐकवायचा, आणि नुसता जागेवर वाजणारा नाही, तर फाटकावर उभं राहिल्यावर लांबून येऊन समोरून निघून जाणारा ऐकवायचा, म्हणून मी सीसाउंड हातात घेतला.

भोंगा ४०० हर्ट्झचा समजा (खरा किती होता त्यावर शेवटी बोलतो). गाडी ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला तो ३५८ च्या आसपास जातो, पण पीजे काय फक्त उन्हाळ्यातच धावत नव्हती. दोन्ही वेगांचं प्रमाण २.४ टक्के. डॉप्लरच्या सूत्राने गाडी येताना भोंगा ४१० हर्ट्झचा ऐकू येणार आणि जाताना ३९० चा. एका सुराहून कमी फरक, पण तोच तर कानाला ‘गाडी गेली’ असं सांगतो.

हे करायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग, ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सीच ४१० वरून ३९० वर आणायची. गंमत म्हणजे इथे के-रेटचा जिना अजिबात त्रास देत नाही! दोन सेकंदांत २० हर्ट्झ उतरायचे आणि पायऱ्या १,३७८, म्हणजे एक पायरी ०.०१५ हर्ट्झचीसुद्धा नाही. शिवाय फ्रिक्वेन्सी बदलली तरी ऑसिलेटरची फेज जिथे होती तिथूनच पुढे जाते, लहर कुठे तुटत नाही. त्यामुळे ‘दिसला के-रेट की लाव इंटर्प’ असं करणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुठे उडी लहरीतच दिसते आणि कुठे फक्त लहरीच्या वेगात दिसते, हे आधी बघायला हवं.

पण पहिल्या मार्गात एक कमी आहे. भोंग्याबरोबर इंजिनाची धडधड, रुळांचा आवाज, असं बरंच काही असतं. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी बदलत बसायची का? म्हणून दुसरा मार्ग, डिले लाइन. सगळा आवाज एका रांगेत भरायचा आणि जितका लांबचा तितका उशिरा बाहेर काढायचा. गाडी १०० मीटरवर असेल तर २९२ मिलिसेकंद उशीर. गाडी जवळ येते तसा उशीर कमी होतो आणि डॉप्लर आपोआप मिळतो, सूत्र लिहावंच लागत नाही, कारण निसर्गातही हेच घडतं.

आणि इथे के-रेट दात दाखवतो. फरक कळावा म्हणून मी मुद्दाम पहिल्यांदा उशीर के-रेटवर ठेवून, जिन्यानेच चालवून बघितला. एका कंट्रोल पीरियडमध्ये गाडी १२ मिलिमीटर सरकते. तेवढ्याने उशीर ०.०३५ मिलिसेकंदाने बदलतो, म्हणजे १.५५ सॅम्पल. ऐकायला किरकोळ वाटतं ना? ४०० हर्ट्झच्या एका लहरीत ११० सॅम्पल असतात. ती सगळ्यात तिरकी असते तिथे १.५५ सॅम्पलची उडी म्हणजे पूर्ण उंचीच्या जवळजवळ ९ टक्के. आणि अशा उड्या सेकंदाला ६८९! भोंग्याच्या अंगावर दुसरं करकरतं यंत्र बसल्यासारखं वाटतं. होस्टेलवर शेजारच्या खोलीतला मित्र येऊन म्हणाला, “भो, ही पीजे आहे का पिठाची गिरणी?”

असं का होतं ते नीट बघा, कारण सगळं गुपित इथे आहे. जिन्यामध्ये एका ब्लॉकभर उशीर तोच राहतो. उशीर बदलत नाही म्हणजे डॉप्लर नाही. म्हणजे त्या ६४ सॅम्पलपुरता भोंगा चक्क ४०० हर्ट्झवरच वाजतोय! गाडी जणू थांबलेली आहे. मग ब्लॉक संपताच ती एकदम १२ मिलिमीटर पुढे उडी मारते. सरासरी काढली तर ४१० बरोबर येतो, पण तो सगळा वरचा हिस्सा उड्यांमध्ये कोंबलेला आहे.

आता इंटर्प लावा. १.५५ सॅम्पलचा फरक ६४ सॅम्पलमध्ये वाटला, म्हणजे दर सॅम्पलला ०.०२४ सॅम्पल. हा आकडा ओळखीचा वाटतो का? २.४ टक्के! गाडीच्या वेगाचं आवाजाच्या वेगाशी असलेलं तेच प्रमाण. उताराचा चढ म्हणजेच डॉप्लर. हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा मी पंधरा मिनिटं बाकी काही केलं नाही, नुसतं त्या आकड्याकडे बघत बसलो.

इथे एक गल्लत खूप जण करतात. उशीर ए-रेट केला तरी तो अपूर्णांकात येतो, आणि रांगेत १२,८६०.४ क्रमांकाचं सॅम्पल नसतंच. शेजारच्या दोन सॅम्पलमधून मधली किंमत काढावी लागते. तेही इंटरपोलेशनच, पण वेगळं. एक बटणाच्या आकड्यांमधलं, दुसरं लहरीच्या आकड्यांमधलं. सीसाउंडमध्ये डिले वाचणारे काही ऑपकोड हे करतात आणि काही नाही करत, मॅन्युअल बघून घ्यावं. दोन्हींपैकी एक जरी राहिलं तरी खरखर उरते, आणि मग माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

इंटर्पची आणखी एक खोड. तो मागच्या आकड्यापासून आताच्या आकड्याकडे जातो. पण अगदी पहिल्या ब्लॉकला मागचा आकडा कुठला? तो शून्य धरतो. आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ असा, की सुरुवातीला गाडी तुमच्या कानात होती आणि १.४५ मिलिसेकंदात ती १०० मीटर लांब फेकली गेली. म्हणजे आवाजाच्या दोनशेपट वेग, पीजे! स्पीकरमधून अर्थातच फट्ट असा आवाज येतो. इंटर्पला जास्तीचा पॅरामीटर देऊन पहिल्याच आकड्यापासून सुरू कर असं सांगता येतं, ते सांगावं. आणि मागून पुढे जाण्यामुळे सगळं एक पीरियड उशिरा पोचतं, पण १.४५ मिलिसेकंदात आवाज जेमतेम अर्धा मीटर जातो. स्पीकरपासून खुर्ची थोडी मागे घेतली तर तेवढा उशीर तसाही होतो.

कुठे उतार लावू नये, हेही सांगायला हवं. जिथे गोष्ट मुळातच चालू किंवा बंद असते तिथे. भोंग्याची साखळी ओढली हा इशारा ० वरून १ वर जातो, त्याला मधल्या ०.३७ ला काही अर्थ नाही. असे ट्रिगर तसेच उडीने न्यावेत. सुपरकोलायडरमध्ये त्यासाठी टी-टू-ए असा वेगळा मार्गच ठेवलाय. हार्मोनियमचंही असंच आहे : सा वरून रे वर जाताना मधली जागा नसते. मींड पाहिजे तर सारंगी घ्या.

मींडेवरून आठवलं. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी गायनातून स्वरांचा आलेख काढण्यावर बरंच काम केलंय. अशा कामात साधारण दर १० मिलिसेकंदांनी पट्टीचा एक आकडा घेतात. सेकंदाला १००. हा एक के-रेट सिग्नलच झाला, फक्त गळ्यातून आलेला. त्यावरून पुन्हा आवाज तयार करून ऐकायचा तर या १०० आकड्यांचे ४४,१०० करावे लागतात.

पण लक्षात घ्या, आकडे वाढले म्हणून माहिती वाढत नाही. नायक्विस्ट के-रेटलाही सोडत नाही. सेकंदाला ६८९ आकडे असतील तर ३४४ हर्ट्झच्या वरचं काही त्यात मावत नाही. ४०० हर्ट्झचा थरथराट के-रेटवर लिहिला तर तो २८९ चा होऊन बसतो, आणि मग कितीही गुळगुळीत उतार लावा, २८९ चाच गुळगुळीत होणार. जॉन चाउनिंग यांचं एफएम सिंथेसिस, ज्यावर १९८० च्या दशकातले यामाहाचे कीबोर्ड चालले, त्यात एक लहर दुसरीची फ्रिक्वेन्सी ऑडिओच्या वेगाने हलवते. तिथे सुरुवातीपासूनच ए-रेट हवा. नंतर बदलून उपयोग नाही. तसंच आवाज अचानक सुरू करायचा असेल, समजा ५ मिलिसेकंदांत, तर ६४ च्या ब्लॉकमध्ये तीन-चारच पायऱ्या मिळतात. असा एन्व्हलप सरळ ए-रेटवरच लिहावा. सीसाउंडमध्ये त्यासाठी फक्त डावीकडच्या नावाचं पहिलं अक्षर ‘के’ ऐवजी ‘ए’ करावं लागतं.

माझ्या भोंग्यात आता असं आहे : गाडीचं अंतर के-रेटवर, कारण वर्गमूळ काढणं महाग. उशीर इंटर्पमधून. आवाजाची पातळीही इंटर्पमधून. भोंग्याची सुरुवात ए-रेटवर. केएसएम्प्स ६४. लॅबच्या सगळ्यात जुन्या पीसीवर न अडखळता चालतं.

राहिला तो ४०० हर्ट्झचा आकडा. तो मी अंदाजाने धरलाय. खऱ्या भोंग्यात एकापेक्षा जास्त सूर मिसळलेले असणार, आणि ते किती ते रेकॉर्डिंगशिवाय कळणार नाही. जामनेर, शेंदुर्णी, पहूर, पाचोरा इकडच्या कुणाच्या घरी जुन्या मोबाइलमध्ये पीजेचा व्हिडिओ असेल, कितीही खराब, मागे लग्नाचा बँड वाजत असला तरी चालेल, तर कृपया पेन ड्राइव्हवर आणून द्या. गाडी उभी असताना वाजवलेला भोंगा मिळाला तर फारच उत्तम, कारण मग त्यातून डॉप्लर वजा करावा लागणार नाही.